शहरातल्या सरकारी शाळेत आलेली सिद्दी-गवळी पोरं : आपल्याला काय करता येईल?

जांबोटी_रोड (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बेळगावातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मी शिकवते. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण खात्यातलं कुणी ना कुणी इथे वाचत असतंच.

अलीकडे आमच्या पटावर खानापूरच्या रानपट्ट्यातली मुलं दिसू लागली आहेत. उत्तर कन्नडातल्या हल्याळच्या हद्दीला लागून असलेल्या गावांतले सिद्दी (आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज), कणकुंबी-जांबोटीकडचे धनगर गवळी, मध्येच एखादं पारध्याचं पोर. आईबाप बांधकामावर नाहीतर उद्यमबागेत, बाया टिळकवाडीत धुणीभांडी करतात. भीमगड २०११ मध्ये अभयारण्य झालं, तेव्हापासून आतल्या वाड्या हळूहळू रिकाम्या होत आहेत. तळेवाडीच्या कुटुंबांनी तर २०२५ मध्ये सरकारी मोबदला घेऊन गावच सोडलं.

ही मुलं गावात होती तेव्हा निदान 'जंगलातली मुलं' म्हणून कुणाच्या तरी यादीत होती. शहरात आली की नुसती गरिबाची पोरं. यूडायसच्या (शाळांच्या सरकारी नोंदणीच्या) फॉर्मात 'एसटी', म्हणजे अनुसूचित जमात, एवढाच रकाना आहे, जमात कुठली ते तो विचारत नाही. आपल्या जिल्ह्यात एसटी म्हणजे बहुतेक नायक-वाल्मिकी. त्या आकड्यात माझ्या वर्गातला एकुलता एक सिद्दी मुलगा कुठे दिसणार? गवळी तर कर्नाटकात एसटीत धरलेच जात नाहीत, त्यामुळे त्यांचा तोही रकाना रिकामा.

शिष्यवृत्तीचं मी निस्तरेन. पण ही मुलं वर्गात तोंडच उघडत नाहीत. बाकीची मुलं त्यांना जे बोलतात ते इथे लिहवत नाही. दिवाळीनंतर निम्मी येईनाशी होतात. कुणी असं काम केलंय का? उपदेश नको, अनुभव हवेत.

मार्कंडेय

ताई, शिष्यवृत्तीचं तुम्ही निस्तराल म्हणता, पण आधी कागदाचंच बोलू, कारण निम्मं वर्ष तिथंच जातंय. मी गेली काही वर्षं लोकांचे दाखले काढून द्यायच्या कामात आहे, फुकट.

सिद्दींना उत्तर कन्नड जिल्ह्यात एसटीचा दर्जा २००३ मध्ये मिळाला. बेळगाव आणि धारवाडच्या सिद्दींना तो मिळाला २०२० च्या दुरुस्ती कायद्यानं. म्हणजे १७ वर्षं हल्याळच्या मामाचा पोरगा एसटी आणि खानापूरच्या आत्याचा पोरगा कायच नाही. आता कायदा झाला तरी बापाच्या जुन्या टीसीवर (शाळा सोडल्याच्या दाखल्यावर) जातीच्या जागी काय वाट्टेल ते लिहिलंय. कुठं ख्रिश्चन, कुठं मुसलमान. सिद्दींत हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान तिन्ही आहेत. एससीला धर्माची अट आहे, एसटीला नाही. हे काउंटरवरच्या माणसाला माहीत नसलं की तो अर्ज परत करतोय, आणि आईबाप पुन्हा तिकडं फिरकत नाहीत. एक दिवसाची मजुरी बुडवून आलेले असतात ओ.

शहरात भाड्यानं राहत असले तरी अर्ज मूळ गावाच्या नाडकचेरीत (दाखले देणाऱ्या सरकारी कचेरीत) करायचा. जातीच्या दाखल्यावरचा आरडी नंबर वेगळा, उत्पन्नाच्या दाखल्यावरचा वेगळा, दोन्ही आल्याशिवाय शिष्यवृत्तीचं एसएसपी पोर्टल पुढं सरकत नाही. आधार, बँक आणि शाळेतलं नाव एका स्पेलिंगचं असू दे. निम्म्या स्कॉलरशिपा ह्या स्पेलिंगात अडकलेल्या असतात.

आणि दाखला नाही, टीसी नाही म्हणून प्रवेश अडवायचा नाही. २००९ चा आरटीई, म्हणजे शिक्षणहक्काचा कायदा बघा. कलम ५ सांगतं टीसीला उशीर झाला तरी प्रवेश द्यायचा, कलम १४ सांगतं वयाचा पुरावा नसला तरी द्यायचा. दहा वर्षांचं पोर कधीच शाळेत गेलं नसेल तर कलम ४ प्रमाणे वयाच्या वर्गात घालून जादा शिकवायचं, पहिलीत बसवायचं नाही. उंच पोर पहिलीत बसवलं की महिन्यात पळालंच म्हणून समजा.

कुंदा_खाऊ

वाचनखूण साठवली. मार्कंडेय अण्णा, हे सगळं वेगळ्या धाग्यात लिहा की.

चव्हाट_गल्ली

ताई, राग मानू नका, स्पष्ट बोलतो. मराठी शाळांची पटसंख्या दरवर्षी उतरते आहे. ही मुलं आली तर शाळा टिकतात, शिक्षकाची जागा टिकते. त्यांना आपल्यात घ्या, चांगलं शुद्ध मराठी शिकवा, आपोआप मिसळतील. अमुक जमात, तमुक जमात असं वेगळं काढत बसलं की उलट ती मुलंच बुजतात. आमच्या वर्गात गवळ्यांची पोरं होती, कधी वेगळं वाटलं नाही.

सातेरीची_लेक

मी सिद्दी आहे. गाव खानापूर तालुक्यात, शिक्षण बेळगावात, आता इथल्याच एका दवाखान्यात नर्स. एरवी मी इथे फक्त वाचते.

चव्हाट गल्ली दादा, तुम्हाला वेगळं वाटलं नाही हे खरं असेल. त्या गवळ्यांच्या पोरांना काय वाटलं ते विचारलं होतं का?

शाळा टिकवायला आमची मुलं हवीत, हवी तर घ्या, आमची ना नाही. पण ह्याच सायटीवर दर महिन्याला धागा निघतो की मुलाला त्याच्या घरच्या भाषेत शिकायचा हक्क आहे, घटनेचं कलम ३५० अ बघा, १९५६ पासून आमच्यावर अन्याय आहे. मी ते सगळे धागे वाचलेत आणि मला ते पटतात. मग मी वर्गात घरचं कोंकणी बोलले की बाईंनी "नीट बोल" का म्हणायचं? आमच्या घरात कोंकणी, मराठी, कन्नड एकाच वाक्यात येतं. पहिलीत मला पाणी मागायची चोरी होती. तहान लागली तरी गप्प बसायचे, कारण मागितलं की वर्ग हसायचा. मराठी शाळेत कन्नडची सक्ती आली तेव्हा तुम्हाला जसं झालं, तसं आम्हाला तुमच्या मराठीचं होतं. तुम्हाला निदान मोर्चा काढता येतो.

शुद्ध मराठी मला आज येतं, तुम्ही वाचताच आहात. ते "नीट बोल" म्हटल्यामुळे आलेलं नाही. चौथीत एक बाई मिळाल्या, त्या मी काय बोलते ते आधी ऐकून घ्यायच्या.

जांबोटी_रोड

बरं झालं तुम्ही लिहिलंत. त्या चौथीच्या बाई नेमकं काय करायच्या, सांगाल का?

सातेरीची_लेक

विशेष काही नाही. मी गोष्ट सांगायची, माझ्या बोलीत. त्या फळ्यावर तशीच लिहायच्या, सगळ्या वर्गाकडून वाचून घ्यायच्या. मग शेजारी पुस्तकी मराठीत तीच गोष्ट. वर्ग पहिल्या दिवशी हसला. नंतर बाकीची पोरंही आपापल्या घरचं सांगायला लागली, वडगावच्या विणकरांची, कन्नड घरातली. मग हसायला कुणी उरलं नाही.

आणखी एक. हजेरी घेताना त्या माझं नाव नीट उच्चारायच्या.

चव्हाट_गल्ली

३५० अ मध्ये भाषिक अल्पसंख्याकांची मुलं म्हटलंय, प्रत्येक बोलीची शाळा काढा असं म्हटलेलं नाही. तो मुद्दा मी सोडणार नाही. बाकी ताईंनी लिहिलेलं वाचलं.

तिसरी_घंटा

मी निवृत्त मुख्याध्यापक. चव्हाट गल्ली, अहो वेगळी शाळा काढा असं कोण म्हणतंय? पहिली-दुसरीत पोराला त्याच्या बोलीत उत्तर देऊ द्या, एवढंच मागणं आहे. आरटीईच्या कलम २९ मध्येही शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा असंच लिहिलेलं आहे.

हिशोब बघा. सिद्दी मूल घरी कोंकणी बोलतं. शाळेत पुस्तक मराठी. २०१५ च्या कायद्यानं कन्नड आलंच, इंग्रजी पहिलीपासून, सहावीत हिंदी. आपली मुलं चार भाषांखाली वाकतात, हे पाच भाषांखाली. त्यातली जी येते तीच वर्गात चालत नाही.

बाई, तुमच्याकडे नली-कलीची (कार्डांवरून आपापल्या गतीनं शिकायच्या पद्धतीची) कार्डं कपाटात असतील, ती काढा. ती पद्धत मुळात आदिवासी मुलखातच जमून आली, हे आजचे बरेच शिक्षक विसरलेत. १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यात एच. डी. कोटे तालुक्यात सुरू झाली. तो जेनू कुरुब आदिवासींचा मुलूख. मुलं मधेच शेतावर जायची, रानात जायची, परत यायची. म्हणून प्रत्येकानं आपल्या पायरीवरून पुढे जायचं, वर्ग कुठवर गेला ह्याच्याशी संबंध नाही. दिवाळीनंतर गायब होऊन जानेवारीत परतणाऱ्या तुमच्या मुलांना नेमकं हेच लागतं. पण राज्यभर लागू झाल्यावर आपण तिचा तक्ते भरायचा कार्यक्रम करून टाकला. पहिली ते तिसरीची कार्डं पाचवीच्या मुलालाही चालतात, फक्त वरचं 'पहिली' हे लेबल काढून टाका. त्याला लाज वाटते.

गवळ्यांच्या पोरांचं गणित तोंडी घ्या. म्हशीचं दूध, पाव-अर्धा लिटर, फॅट, दर, महिन्याची उधारी, सगळं तोंडावर असतं. माझ्या एका विद्यार्थ्याला कागदावरचा अपूर्णांक कळत नव्हता आणि डेअरीवाल्यानं मापात मारलेलं मात्र तो जागेवर पकडायचा. तिथून सुरू करून कागदावर या.

पावनखिंड_१६६०

चिडवण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. बेळगावात शिवजयंतीचं प्रस्थ किती ते सांगायला नको. एका मंडळाच्या चित्ररथात पन्हाळ्याचा वेढा होता आणि सिद्दी जौहरचं काम गल्लीत राहणाऱ्या एका सिद्दी मुलाला दिलं होतं. "मेकअपचा खर्च वाचला" म्हणून सगळे खूश. पोरगं आठवीतलं. मिरवणूक संपेपर्यंत लोक त्याला शिव्या घालत होते, गमतीत. दुसऱ्या दिवसापासून शाळेत त्याचं नाव जौहर.

जांबोटी_रोड

नेमकं हेच! पन्हाळ्याचा वेढा किंवा जंजिरा आला की सगळा वर्ग वळून एका मुलाकडे बघतो. मी घाईघाईनं पुढे जाते. काय सांगावं वर्गाला?

पावनखिंड_१६६०

पुढे जाऊ नका, थांबा. आपला इतिहास इथे आपल्याच बाजूनं आहे.

१६६० ला पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर होता, बरोबर. पण त्याच वेळी महाराजांच्या बाजूनं लढणारा सिद्दी हिलालही होता. वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर तो गेला होता. दोन्हीकडे हबशी, दोन्हीकडे मराठे. आदिलशाहीत मराठे सरदार थोडे होते का? मग मराठा आडनावाच्या पोराकडे कुणी वळून का बघत नाही, हे वर्गाला विचारा.

मागे जायचं तर मलिक अंबर. इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, निजामशाहीचा कर्ता वजीर झाला, मोगलांना दख्खनेत वर्षानुवर्षं रोखून धरलं. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूनं होते.

आणि खानापूर-हल्याळच्या सिद्दींचा जंजिऱ्याशी काही संबंध नाही. त्यांचे पूर्वज बहुतांशी पोर्तुगीजांनी पूर्व आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेले, तिथून पळून घाट चढून रानात शिरलेले. गुलामी झुगारून आलेली माणसं. मी शिक्षक असतो तर हा धडा चित्ररथावर घेतला असता.

सातेरीची_लेक

मलिक अंबर मला नर्सिंगला असताना कळला. शाळेत कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

एक भर घालते. चिडवणारे जितका त्रास देतात तितकाच कौतुक करणारे देतात. सिद्दी दिसला की "ह्याला पळायला घाला". १९८०च्या दशकाच्या शेवटी स्पोर्ट्स ॲथॉरिटीनं आमच्या मुलांना हेरून ट्रेनिंग द्यायची योजना काढली, काही वर्षांत गुंडाळली. त्यातून चांगले खेळाडू निघाले, नाही असं नाही. पण मैदानाच्या नादात अभ्यास मागे पडलेले आमच्या नात्यात आहेत. माझा भाऊ गणितात पहिला यायचा. मैदानावर त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक, वर्गात कुणाला नाही. २०२० मध्ये शांताराम सिद्दी विधान परिषदेवर गेले, राज्यातले पहिले सिद्दी आमदार. ते पळण्यामुळे नाही गेले.

मिनेसोटावाली

मूळची शहापूरची, आता मिनिआपोलिसजवळ. इथे मूलनिवासी (नेटिव्ह अमेरिकन) मुलं शहरातल्या सरकारी शाळांत बरीच आहेत, प्रश्न ओळखीचा वाटला म्हणून लिहिते.

१९७२ च्या इंडियन एज्युकेशन ॲक्टपासून शाळा-जिल्ह्यांना अशा मुलांच्या संख्येवर केंद्राचा वेगळा पैसा मिळतो. मूल राखीव प्रदेशात राहतं की शहरात, ह्यानं फरक पडत नाही. पालक एक फॉर्म भरतात, त्यात जमातीचं नाव लिहावं लागतं. मुलाची स्वतःची नोंदणी नसेल तर आई-बापाची, तीही नसेल तर आजी-आजोबांची चालते. ताई म्हणाल्या ना, यूडायसमध्ये जमातच विचारत नाहीत, त्यावरून आठवलं. आणि पैसा कशावर खर्च करायचा त्याला त्या मुलांच्या पालकांच्या समितीची लेखी संमती लागते.

इथे सगळं छान आहे असं समजू नका. १८७९ ला कार्लाइलची निवासी शाळा निघाली, मुलांना घरापासून तोडून भाषा विसरायला लावलं. ती जखम इथे अजून निघते. म्हणून वसतिगृह हाच उपाय असं कुणी म्हणालं की मला धडकी भरते.

तिसरी_घंटा

वसतिगृहाला सरसकट नावं ठेवू नका. आईबाप वीटभट्टीवर असताना आठवीतल्या मुलीला पालावर एकटं ठेवायचं का? मोरारजी देसाई, एकलव्य ह्या निवासी शाळांना सहावीला प्रवेश परीक्षा असते, तिची तयारी पाचवीत करून घ्यायलाच हवी. पण पाच-सहा वर्षांचं लेकरू आईपासून तोडू नये, इथवर तुमचं मान्य.

समितीवरून सांगतो. कायद्यात आपल्याकडेही आहे. आरटीईचं कलम २१, एसडीएमसीत (शाळेच्या व्यवस्थापन समितीत) तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बायका, आणि दुर्बल गटातल्या पालकांना संख्येच्या प्रमाणात जागा. माझ्या उभ्या नोकरीत ह्या जागेवर गवळ्याची बाई बसलेली मी बघितली नाही. बैठक अकरा वाजता. अकराला ती कुणाच्या तरी घरी भांडी घासत असते.

मार्कंडेय

रविवारी सकाळी ठेवा की मीटिंग. २०२३ पासून राज्यातल्या बायकांना बस फुकट, गावाकडं असलेली आजी पण येऊ शकतेय. आजी आली की पोराची खरी माहिती मिळते.

चंदगडी_माणूस

आमचं कुणी बघालंय काय? मी चंदगडकडचा, धनगर गवळी. माझ्या भावाच्या दोन पोरी बेळगावात सरकारी शाळेत आहेत, भाऊ काकतीजवळ कामाला. शाळेनं घेतलं, पण पुढं सगळं अडलंय. महाराष्ट्रात आम्ही एनटी-क (भटक्या जमाती), इथं दाखला चालत नाही म्हणतात. वहिनीचं आधार चंदगडचं, बस फुकट नाही. सरलचा (महाराष्ट्रातल्या विद्यार्थी-नोंदणीचा) नंबर इथं घेत नाहीत.

मार्कंडेय

भाऊ, तुमचं सगळ्यात अवघड आहे आणि खोटा धीर देत नाही. जातीचा दर्जा राज्यापुरता असतो. एससी-एसटीबाबत सुप्रीम कोर्टानं १९९० मध्येच सांगितलंय की दुसऱ्या राज्यात स्थलांतर केलं की मूळ राज्याचा दर्जा सोबत येत नाही. भटक्यांची यादी तर महाराष्ट्राची स्वतःची. गोव्यात २००३ मध्ये कुणबी, गावडा, वेळीप एसटी झाले आणि राज्याच्या रेषेच्या अलीकडं, उत्तर कन्नडातल्या जोयड्याचा कुणबी अजून मागतोच आहे. रेषा आपली नाही, पण दाखला रेषेवरच अडतोय.

पोरींचं शिक्षण मात्र त्यावर अडत नाही. प्रवेश, पुस्तकं, गणवेश, बिसियूट (दुपारचं जेवण), दूध, ह्याला जातीचा दाखला लागत नाही. सरलचा नंबर सोडा, जुन्या शाळेतून यूडायसचा पेन नंबर (विद्यार्थ्याचा कायमचा नंबर) मागा, तो देशभर एकच असतोय. तो दिला की इथल्या एसएटीएसला (कर्नाटकच्या विद्यार्थी-नोंदणीला) नाव चढवता येतं. कुणी नाही म्हणालं तर बीईओंच्या (गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या) नावानं लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी बोलू नका.

चव्हाट_गल्ली

चंदगडी दादा, काकतीला आमची माणसं आहेत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. अर्ज कन्नडमधून लिहून लागला तर मी देतो लिहून.

चंदगडी_माणूस

केलाय व्यनि. पेन नंबर चंदगडच्या मास्तरांनी लगेच दिला, फोनवरच.

जांबोटी_रोड

सगळ्यांचे आभार. मी ठरवलंय ते लिहिते, चुकत असेल तर सांगा. नली-कलीची कार्डं काढली आहेत. गोष्टी फळ्यावर बोलीत लिहायला सोमवारपासून सुरुवात, मुख्याध्यापकांना आधी सांगून. मलिक अंबर आणि हिलालवर एक तास. जमातीचं नाव यूडायसमध्ये नसलं तरी आमच्या शाळेच्या साध्या वहीत मी लिहून ठेवणार आहे, आजोळच्या गावासकट, म्हणजे मूल गायब झालं तर फोन कुठे करायचा ते कळेल. ती वही कपाटात राहील, वर्गात मोठ्यानं वाचायची नाही.

सातेरीची लेक, एखाद्या रविवारी आमच्या पालकसभेला याल का? भाषण नको. आयांशी बोलायला.

सातेरीची_लेक

येईन. ड्युटी सकाळची नसेल असा रविवार कळवते. पण मला व्यासपीठावर बसवू नका आणि पोरांसमोर "बघा, ही सिद्दी असून" असं म्हणू नका.

जांबोटी_रोड

कबूल.

मार्कंडेय

बाई, पुढच्या वर्षीच्या मुलांचे दाखले एप्रिलमध्येच घालूया. शाळा सुरू व्हायच्या तोंडावर नाडकचेरीत पाय ठेवायला जागा नसतेय. कुणाकुणाचे राहिलेत ती नावं व्यनि करा, आणि बापाची जुनी टीसी असेल तर फोटो काढून पाठवा. नसली तर आजोबांच्या नावाचा कसलाही जुना कागद चालतोय, रानातल्या वहिवाटीचा असला तरी.